स्वेटर रात्री कोण विणत होतं?

लर्विक, शेटलंड

ती. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. विणकामाच्या निवासी शिबिरासाठी स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर आले आहे. इथे घडलेली गोष्ट आधी तुलाच सांगायची, कारण तिचा उलगडा तुझ्यामुळे झाला.

शिबिरात एक आजी आहेत. संधिवाताने बोटं वाकडी झालीत, तरी पणतवंडाच्या स्वेटरची पाठ विणताहेत. रात्री विणकाम बैठकीतल्या खुर्चीवर ठेवून झोपायला जातात. एका सकाळी बघतात तर पाठ चार बोटं वाढलेली! सुटलेला टाकाही कुणीतरी उचलून घेतलेला. पुढच्या रात्री पुन्हा तेच. कुणाला गंमत वाटली, कुणी चिडल्या. न विचारता दुसरीच्या सुयांना हात लावायचा नाही, हे इथेही आपल्यासारखंच. आजी मात्र धास्तावल्या. आपणच उठून विणतो आणि विसरतो, असं त्यांच्या मनाने घेतलं. ते मला बघवेना.

मी सुई खिडकीपाशी उजेडात धरली. शेवटची ओळ उलट टाक्यांची होती. नेहमी टाक्याच्या फासाचा उजवा पाय सुईच्या पुढे असतो ना? इथे झाडून सगळे मागे! उलट टाक्याला लोकर सुईवरून न फिरवता खालून ओढून घेतली की टाके असे बसतात. तू तशीच घेतेस, आणि सुलट ओळीत मागून सुई घालतेस, म्हणून तुझ्या विणीला पीळ पडत नाही. पहिल्या रात्रीनंतर आजींनी अशाच टाक्यांत सवयीने पुढून सुई घातली होती, त्यामुळे त्यांची तिथली ओळ पिळलेली आली होती. म्हणजे रात्रीचे टाके त्यांचे नव्हतेच.

मग सगळ्यांचे हात पाहिले. इथल्या बायका कमरेला भोकं पाडलेला चामडी पट्टा बांधतात आणि त्यात एक सुई खोचतात. पूर्वी पाठीवर जळणाची टोपली घेऊन चालता चालता विणायच्या. लोकर कुणी उजव्या हातात धरते, कुणी डाव्या, पण खालून कुणीच घेत नाही. राहिली स्वयंपाकघरातली युक्रेनची बाई. त्या बाजूला ही पद्धत सर्रास चालते. भांडी आवरून झाल्यावर मी तिच्याजवळ बसले आणि काही न बोलता सुया पुढे केल्या. एक ओळ उलट विणली तिने, अगदी तुझ्यासारखी! दिवे मालवायला गेली तेव्हा सुटलेला टाका दिसला, आणि मग हात थांबेना, म्हणाली. आजींनी तिला पोटाशी धरलं. चिडलेल्या बायकांचा राग मला पटत नाही, आत्या. हातातलं काम मागे सोडून आलेल्या बाईला सुया दिसल्यावर तिने काय करावं?

आता दोघी शेजारी बसून एकेक बाही विणताहेत. इथल्या मेंढ्यांची करडी, तपकिरी लोकर न रंगवताच वापरतात. ते पाहून मी आपल्या माणदेशी घोंगडीचं सांगितलं. ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात याचं सगळ्यांना फार अप्रूप वाटलं. दादा म्हसवडला गेला तर एक काळी घोंगडी घेऊन ठेवायला सांग.

आणि ही लोकर खालून घ्यायची रीत साताऱ्यात तुला कोणी शिकवली? शाळेतल्या बाईंनी की आजीने? आठवून नक्की लिही, इकडे ती बाई रोज विचारते आहे.

काकांना नमस्कार. गुडघ्याचा शेक चालू ठेव.

तुझी भाची