साहेबांना डायस आहे, पक्षकाराला बाक कधी?

प्रति,
मा. विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

मंत्रिमहोदय, सप्रेम नमस्कार.

न्यायालयांच्या इमारतींसाठी केंद्राकडून जो निधी येतो, त्याच्या प्रस्तावांत एक ओळ वाढवावी, एवढी मागणी करायला हे पत्र लिहितोय. ओळ अशी : ‘पक्षकार व साक्षीदार यांच्या बसण्याची जागा’. बाकी पत्र ही ओळ का हवी, हे सांगण्यासाठी आहे.

मी एका तालुका न्यायालयात कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. तालुक्याचं नाव घेत नाही, कारण तिथल्या कुणावर ठपका ठेवायचा नाही, आणि दुसऱ्या कुठल्याही तालुक्यात गेलात तरी फार वेगळं काही दिसेल असं मला वाटत नाही.

न्यायालयांच्या इमारतींसाठीची ही केंद्रपुरस्कृत योजना 1993-94 पासून चालू आहे. आपल्यासारख्या राज्यांसाठी केंद्राचे 60 आणि राज्याचे 40 टक्के असा सध्याचा वाटा. 2021-22 ते 2025-26 या टप्प्यासाठी देशभराचे 9000 कोटी ठरले, त्यात केंद्राचे 5307 कोटी. निधी कशासाठी? कोर्ट हॉल आणि न्यायाधीशांची निवासस्थानं हे जुने घटक. 2021 मध्ये त्यांत वकिलांसाठी सभागृह, स्वच्छतागृहं आणि संगणक कक्ष यांची भर पडली. स्वच्छतागृहांचा समावेश झाला याचा मला मनापासून आनंद झाला. पण ज्याच्या दाव्यासाठी, ज्याच्या जबाबासाठी हा सगळा पसारा मांडला आहे, तो माणूस सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच कुठे थांबणार, यासाठी त्या यादीत वेगळा घटक नाही. न्यायाधीश मोजले, वकील मोजले, संगणकसुद्धा मोजले.

आमच्या कोर्टातला सोमवार सांगतो. बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत, शंभराच्या आसपास प्रकरणं. कोर्ट हॉलबाहेरचा व्हरांडा असा की दोन माणसं समोरासमोर आली की एकाने भिंतीला पाठ लावायची. त्यात वाटपाच्या दाव्यातले चार भाऊ आणि त्यांच्या बायका, चेक न वटल्याच्या केसमधला दुकानदार, पोटगीसाठी आलेली बाई आणि तिच्या कडेवरचं पोर, अपघाताच्या दाव्यातला कुबड्या घेतलेला माणूस, जेलमधून आणलेला आरोपी आणि त्याच्या दोन बाजूंना दोन पोलीस. भिंतीलगत लाकडी बाक दोन. त्यांवर आठ माणसं कशीबशी मावायची, बाकीचे उभे. दारातून शिपाई पुकारा करायचा आणि त्या गलक्यात आपलं नाव ऐकू येण्यासाठी माणूस दारापासून हलायचा नाही. खाली चहाला किंवा लघवीला गेला आणि तेवढ्यात नाव निघालं, तर? आरोपी असला तर वॉरंट. वादी असला तर दावा गैरहजेरीत काढून टाकला. प्रतिवादी असला तर एकतर्फा हुकूम. मग तो हुकूम रद्द करून घ्यायला नवा अर्ज, नवी तारीख, वकिलाची पुन्हा फी. रोजनाम्यात आम्ही ‘पुकारले असता गैरहजर’ असं लिहायचो, आणि तो गैरहजर माणूस त्या वेळी जिन्याखालच्या नळावर पाणी पीत उभा असायचा.

तारखेला आलेल्या कितीतरी बाया मी पाहिल्या, ज्या सकाळपासून पाण्याचा घोट घेत नसत. कारण विचारायची गरज नव्हती. 23 ऑक्टोबर 2021 रोजी औरंगाबाद खंडपीठाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला तत्कालीन सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा आले होते. देशातल्या 26 टक्के न्यायालय संकुलांत स्त्रियांसाठी वेगळं स्वच्छतागृह नाही, असं त्यांनी तिथे सांगितलं. पुरुषांसाठी नसलेली संकुलं 16 टक्के. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाचाच अहवाल आला, त्यात जिल्हा न्यायालय संकुलांसाठी स्त्रियांबाबतचा आकडा 19.7 टक्के होता. 15 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाला निकाल देऊन सांगावं लागलं की प्रत्येक न्यायालयाच्या आवारात स्त्रिया, पुरुष, दिव्यांग आणि तृतीयपंथी या सर्वांसाठी स्वच्छतागृहं हवीत. न्यायालयात शौचालय असावं म्हणून न्यायालयातच जावं लागलं, यावर मी काय बोलू?

आता जरा अवघड विषयाकडे येतो. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यातली मुलगी साक्षीला येते. साक्ष देताना तिला आरोपी दिसू नये, अशी तरतूद पॉक्सो कायद्यात आहे. कोर्ट हॉलमध्ये पडदा लावतात, न्यायाधीश साहेबही सांभाळून घेतात. पण पुकारा होईपर्यंतचे तीन तास ती कुठे असते? त्याच व्हरांड्यात. आरोपीचे नातेवाईक समोरच्या भिंतीशी, हिची आई हिच्यापुढे पदर धरून उभी. आमच्याकडे एका शिरस्तेदारबाईंनी अशा एका मुलीला रेकॉर्ड रूममध्ये, बस्त्यांच्या रॅकमागे खुर्ची टाकून बसवलं होतं. धुळीनं तिला शिंका येत होत्या. नियमात ते बसत नव्हतं आणि कुणी हरकतही घेतली नाही. अशा साक्षीदारांसाठी वेगळी केंद्रं असावीत, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये दिले आणि जानेवारी 2022 मध्ये ते प्रत्येक जिल्ह्यापर्यंत नेले. ही दोन्ही प्रकरणं महाराष्ट्रातून गेलेली होती. म्हणजे देशाला हा धडा आपल्याच राज्यातल्या खटल्यांमुळे मिळाला. पण पुष्कळसे खटले चालतात, आणि साक्षीदार भेदरतात, ते जिल्ह्याच्या केंद्रापासून लांब.

इमारती वाढत नाहीत असं मी म्हणत नाही. पण त्या कुठे वाढतात ते बघा. नवं पद मंजूर झालं की नवा कोर्ट हॉल लागतो. आवारात मोकळी जागा एकच, दर्शनी बाजूची. तिथे दोन कडुलिंब, त्यांचे पार, पारावर भाकरीचं फडकं सोडून बसलेली माणसं, कडेला टंकलेखकाचं टेबल आणि स्टॅम्प व्हेंडरची टपरी. वाढीव इमारतीचा नकाशा नेमका त्या पारावर येतो. दोन कोर्ट हॉल वाढले, गर्दी दुपटीला गेली आणि बसायची जी एकमेव जागा होती ती इमारतीच्या पायात गेली. उरलेल्या पट्ट्यात साहेबांच्या गाड्यांसाठी पत्र्याची शेड उभी राहिली. न्यायालयाची जागा वाढली असं अहवालात लिहिलं गेलं, आणि ते खोटंही नव्हतं.

असं होतं कारण मोजणीच तशी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या त्या अहवालात देशभरात जिल्हा व तालुका न्यायाधीशांची मंजूर पदं 25,081 आणि कोर्ट हॉल 20,831 आहेत. तूट 4250 हॉलची. तूट खरी आहे, ती भरलीच पाहिजे. पण सरकारी हिशेबात ‘जागा’ म्हणजे ‘हॉल’ असंच ठरून गेलं आहे. एका हॉलमागे रोज किती माणसं आवारात येतात, हे कुठल्या प्रस्तावात मी पाहिलं नाही, आणि प्रस्तावांच्या प्रती माझ्याच हातून जात होत्या. खरं तर हे मोजायला सल्लागार नेमायची गरज नाही. महिनाभराचे बोर्ड काढायचे, प्रत्येक प्रकरणातले पक्षकार आणि समन्स निघालेले साक्षीदार मोजायचे. कनिष्ठ लिपिक दोन दिवसांत आकडा देईल.

‘बाकांसाठी कशाला केंद्राचा निधी? आमदार निधीतून होईल, एखादी संस्था देईल’ असं उत्तर मला पूर्वी मिळालेलं आहे. झालंही तसंच. आमच्या व्हरांड्यातल्या एका बाकाच्या पाठीवर कुणाच्या तरी स्मरणार्थ असं रंगवलेलं होतं. ज्याचं नाव बाकावर, त्याच्याच घरचे एका दाव्यात प्रतिवादी निघाले आणि समोरच्या वादीने त्या बाकावर टेकायला साफ नकार दिला. हसण्यावारी नेऊ नका, तो माणूस त्या दिवशी चार तास उभा होता. आणि पक्षकार काही फुकट येत नाही. तो कोर्ट फी भरतो. 2018 मध्ये आपल्या राज्याने त्या फीची कमाल मर्यादा 3 लाखांवरून 10 लाखांवर नेली. फी राज्याच्या तिजोरीत आणि बाक मात्र दानशूरांच्या भरवशावर, हे पटत नाही.

दुसरा आक्षेप सुशिक्षितांकडून येतो. आता सगळं ऑनलाइन होणार, ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला 7210 कोटी मंजूर आहेत, साक्षी व्हिडीओवरून होतील, मग इमारती कशाला वाढवायच्या? कागद कमी होतील हे खरं. जुनी दप्तरं स्कॅन झाली, मुद्देमालाची नव्या कायद्याप्रमाणे फोटो काढून वेळेत विल्हेवाट लागली, तर रेकॉर्ड रूम आणि मुद्देमाल खोली बऱ्यापैकी मोकळी होईल. मुद्देमालातल्या गंजलेल्या सायकली आणि हातभट्टीची पिंपं पाहिलेला माणूस या गोष्टीची वाट बघतोच आहे. पण वाटपाच्या दाव्यातला म्हातारा मोबाईलवर साक्ष देणार नाही. त्याला साहेबांच्या समोर उभं राहून बोलायचं असतं. डॉक्टर आणि तपासी अंमलदार व्हिडीओवर गेले तर आनंदच आहे, तेवढी व्हरांड्यात जागा होईल.

वेळेबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. जिल्हा न्यायाधीशांकडून प्रस्ताव, उच्च न्यायालयाच्या इमारत समितीकडे, तिथून आपल्या खात्यात. मग बांधकाम खात्याचं अंदाजपत्रक, त्यावर त्रुटी, नवी दरसूची आली म्हणून सुधारित अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा. उपयोगिता प्रमाणपत्र (निधी खर्च झाल्याचा दाखला) वेळेवर गेलं नाही तर केंद्राचा पुढचा हप्ता अडतो. राज्याच्या वाट्याची तरतूद पुरवणी मागण्यांची वाट बघते. औरंगाबादच्या त्याच समारंभात रमणा साहेबांनी बोलून दाखवलं होतं की हा प्रकल्प 2011 मध्ये सुरू झाला आणि पुरा व्हायला दहा वर्षं लागली. ही गोष्ट उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची. तालुक्याच्या फाईलमागे दिल्लीला आणि मुंबईला कोण धावणार?

मनात आणलं की मात्र होतं, हेही याच राज्यात दिसलं. कोल्हापूरच्या सर्किट बेंचची (मुंबई उच्च न्यायालयाच्या फिरत्या पीठाची) अधिसूचना 1 ऑगस्ट 2025 ची. 17 ऑगस्टला तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन, 18 पासून कामकाज. सीपीआर रुग्णालयासमोरची जुनी न्यायालयाची इमारत तोपर्यंत झाडूनपुसून, दुरुस्त करून, रंग देऊन उभी होती. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांतल्या लोकांची मुंबईची फेरी वाचली. चार दशकांहून जुनी मागणी, पण एकदा ठरल्यावर बांधकाम खातं रात्रंदिवस राबलं. ते खातं तेच आहे, जे आमच्या जिन्याखालच्या नळाची तोटी बदलायला पत्रव्यवहार मागतं.

वांद्र्याला उच्च न्यायालयाचं नवं संकुल होतंय, त्यालाही माझा विरोध नाही. फोर्टमधली इमारत 1878 ची, त्या काळी मंजूर रकमेच्या आत बांधून झालेली (हे वाचून आजच्या अभियंत्यांना घेरी यावी). तिच्यात आता सगळं मावणं शक्यच नाही. पण राज्यातली बहुतेक माणसं आयुष्यात एकदाच कोर्टाची पायरी चढतात, आणि ती पायरी तालुक्याची असते.

तेव्हा माझी विनंती एवढीच. यापुढे आपल्या सहीने जो प्रस्ताव पुढे जाईल, त्यात बोर्डावरून काढलेला माणसांचा आकडा असावा. त्या आकड्याला पुरेल अशी, पंखा आणि पाणी असलेली, पुकारा ऐकू येईल अशी बसायची जागा नकाशावर असावी. पुकारा ऐकू येण्यासाठी आत एक टीव्ही पडदा आणि एक स्पीकर पुरतो, बस स्थानकावर असतो तसा. साक्षीदार मुलांसाठी एक वेगळी खोली, वेगळ्या दाराची. आणि वाढीव इमारत दर्शनी मोकळ्या जागेवर येत असेल, तर तेवढी सावली दुसरीकडे दिल्याशिवाय नकाशा मंजूर होऊ नये. योजनेच्या यादीत हा घटक नाही म्हणून दिल्ली नाही म्हणाली, तर राज्याच्या 40 टक्क्यांतून तो आधी करता येईल आणि यादीत घालायची मागणी महाराष्ट्राला करता येईल.

ज्या प्रस्तावात ही ओळ नसेल तो आपण त्रुटी काढून परत पाठवावा. त्रुटी काढण्यात आपल्या खात्याचा हात कुणी धरू शकत नाही, हे मी प्रस्तावांची परत आलेली पाकिटं फोडून पाहिलेलं आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
तालुका न्यायालयाचा एक निवृत्त सहायक अधीक्षक