खडखड्याला फवारणी नको, बियाणं द्या: कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी मंगळवेढा तालुक्यात काळ्या रानात रब्बी ज्वारी करतो. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो, शेत मात्र वडिलांच्या काळापासूनचं. आमची ज्वारी पाऊस सरल्यावरची. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर काढणीपर्यंत न्यायची.

गेल्या हंगामात कणसं भरत असताना रानाला पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडल्या आणि पंधरा दिवसांत निम्मं रान आडवं झालं. ज्वारीचं ताट, म्हणजे धांडा, चिरून पाहिलं तर गाभा गेलेला, नुसते धागे, आणि त्यांच्यावर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके. हा खडखड्या, बुरशीमुळे होणारा ज्वारीचा रोग. दाणा हलका निघालाच, कडब्यालाही बैल तोंड लावेनात. तालुक्याच्या एका दुकानदाराने फवारणीचं औषध दिलं, मीही मुकाट्याने मारलं. ही बुरशी मातीतून मुळावाटे वर चढते. पानावर औषध मारून तिचं काही बिघडत नाही, हे मला, विज्ञानाच्या मास्तराला, पैसे गेल्यावर सुचलं.

मॅक्रोफोमिना हे तिचं नाव. काळ्या ठिपक्यांच्या रूपात ती मातीत वर्षानुवर्षं पडून राहते. सोयाबीन, तीळ, सूर्यफूल, तिला काहीही चालतं. ज्वारी फुलोऱ्यात आली, ओल आटली आणि माती तापली की ती जोर धरते. त्या दिवसांत पानं पाण्याअभावी साखर कमी बनवतात, दाण्याला तर ती हवीच असते. मग ताट आपल्या गाभ्यातली साठवण कणसाकडे पाठवतं, बुंधा दुबळा होतो आणि बुरशीला आयतं घर मिळतं. दुष्काळ आणि रोग कागदावर वेगळे असतील, आमच्या ताटात ते एकत्रच येतात.

या दोन्हींशी झाड लढतं ते प्रथिनांच्या बळावर, म्हणून आता प्रथिनांविषयी. प्रथिनं म्हटलं की डाळ आणि अंडी आठवतात, पण झाडाचं संरक्षणही त्यांच्यावरच चालतं. बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं, खेकड्याच्या कवचात असतं तेच. झाडात ते नसतं. म्हणून त्याचा तुकडा सापडला की पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन तो ओळखतं आणि आत इशारा जातो. भातातलं असं प्रथिन जपानी शास्त्रज्ञांनी 2006 मध्ये दाखवलं. इशारा मिळाला की कायटिनेज आणि ग्लुकानेज ही प्रथिनं बुरशीची भित्तिका कातरायला लागतात.

पाण्याच्या ताणासाठी दुसरी फौज असते. डीहायड्रिन नावाची प्रथिनं पेशीतलं पाणी ओसरलं की आतल्या पडद्यांना सांभाळतात. कणगीत वर्षभर खडखडीत वाळलेलं बी पुन्हा उगवतं, त्यात याच कुळातल्या प्रथिनांचा मोठा वाटा. आणि ऑस्मोटिनची गंमत पाहा: 1980च्या दशकात अमेरिकेत खाऱ्या पाण्याला सरावलेल्या तंबाखूच्या पेशींत ते सापडलं, पुढे कळलं की ते बुरशीलाही रोखतं.

पण ही दोन्ही कामं नेहमी गुण्यागोविंदाने चालत नाहीत. पाणी कमी पडलं की झाड अॅब्सिसिक आम्ल तयार करतं, पानांची रंध्रं मिटतात, ओल वाचते. हेच आम्ल पुष्कळदा रोगाविरुद्धचा बंदोबस्त ढिला करतं. म्हणजे ताणात तगलेलं वाण खडखड्यात तगेलच असं नाही, आणि ओलिताखाली निरोगी राहिलेल्या वाणाचा आम्हाला काय भरवसा?

म्हणून माझी मागणी एका रानाची आहे. मालदांडी 35-1 हे वाण 1930च्या दशकात मोहोळला, इथल्याच गावरान ज्वारीतून निवडलं गेलं. त्या परिसरात एक रान कायमचं राखून ठेवा. तिथे ही बुरशी मुद्दाम वाढवा आणि फुलोऱ्यानंतर पाण्याचा थेंब देऊ नका. फुले वसुधा, फुले सुचित्रा, परभणी मोती या सुधारित वाणांच्या शेजारी गावरान दगडी, हुरड्याची गूळभेंडी, म्हाताऱ्यांच्या गाडग्यात उरलेलं जे असेल ते पेरा. शेवटपर्यंत पानं हिरवी ठेवणाऱ्या ज्वारीत खडखड्या कमी येतो हे ठाऊक आहे. इथिओपियातल्या ज्वारीपासून आलेल्या ‘बी 35’ नावाच्या ज्वारीत तो गुण आहे, तीही लावा. आणि दर आठवड्याला बुंध्यातली वर सांगितलेली प्रथिनं मोजा. कोणतं ताट कधी आणि किती प्रथिनं बनवतं हे कळलं, तर पैदासकाराला चाचपडावं लागणार नाही. 2025-26च्या हमीभावात मालदांडीची वेगळी ओळ आहे, क्विंटलला 3749 रुपये, संकरित ज्वारीपेक्षा 50 जास्त. संशोधनाच्या अंदाजपत्रकातही तिची वेगळी ओळ असू द्या.

मे 2025 मध्ये केंद्राने जनुक संपादित, म्हणजे झाडाच्या स्वतःच्याच जनुकात नेमका बदल केलेल्या, भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यांतल्या पुसा डीएसटी राइस 1 मध्ये ताण सोसायच्या क्षमतेला आवर घालणारं एक प्रथिन निकामी केलं आहे. असं ज्वारीतही व्हावं, माझी हरकत नाही. फक्त एक प्रथिन बंद केल्याने बुरशीला वाट मोकळी झाली का, हे त्याच राखीव रानात पाहिल्याशिवाय बियाणं आमच्या पदरात टाकू नका.

याला वर्षं लागतील, मला माहीत आहे. पण एक काम आपल्या सहीने या महिन्यात होईल. खडखड्यावर पानांवरची फवारणी उपयोगाची नाही; कोळपून भेगा बुजवा, बियाण्याला ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी चोळा, जमलं तर पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडण्याआधी, एक पाणी द्या, एवढा मजकूर मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येक कृषी सेवा केंद्राच्या दारावर लावायला सांगा. पेरणी सप्टेंबरच्या मध्याला सुरू होते, त्याआधी तो लागावा.

आपला,
मंगळवेढा तालुक्यातला एक ज्वारी उत्पादक