अंगठा उमटत नाही, म्हणून पेन्शन बंद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सशस्त्र सेना ध्वजदिनाची बातमी कालच्या अंकात वाचली. निधीचे उद्दिष्ट, सत्कार, शाल-श्रीफळ, सगळे आले आहे. फोटोत पुढच्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्या वीरपत्नींना हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरात किती चकरा पडल्या, एवढे तरी तुमच्या वार्ताहराने विचारायचे होते.

माझे वडील १९७१ च्या लढाईत होते. ते गेल्यापासून आईला फॅमिली पेन्शन मिळते. पूर्वी बँकेतले साहेब तिला ओळखायचे, कागदावर अंगठा घेतला की झाले. आता 'स्पर्श' ही संरक्षण खात्याची ऑनलाइन पेन्शन पद्धत आली, पेन्शन थेट प्रयागराजच्या संरक्षण पेन्शन कार्यालयातून येते आणि दाखला ऑनलाइन द्यायचा. गेल्या वर्षी तिला तालुक्याच्या केंद्रावर तीनदा नेले. निंदणी आणि कापूस वेचणी करून तिच्या बोटांच्या रेघा पार झिजल्या आहेत. तिथला मुलगा तिचा अंगठा पुसायचा, मशीन पुसायचा, पुन्हा दाबायचा. दहाही बोटे लावून झाली. एसटीत बसल्यावर आई एवढेच बोलली, "आंगठा बी मना ऱ्हायना नही आते." पुढे तीन महिने पेन्शन आली नाही. तिच्या बीपीच्या गोळ्या मी उधारीवर आणल्या.

मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय २०२१ पासून आहे. केंद्रावर कोणी सांगितले नाही, मदतीला ज्या कार्यालयात गेलो तिथेही नाही. मी स्वतः सतरा वर्षे फौजेत काढली, मलाच माहीत नव्हते. सुट्टीवर आलेल्या भाच्याने आईला अंगणात उजेडाला बसवले आणि दहा मिनिटांत काम केले. नोव्हेंबरात प्रत्येक मोठ्या गावात एक दिवस एक माणूस मोबाइल घेऊन बसवा. त्याला असा किती खर्च येणार आहे? सत्कार नंतर करा.

आणखी एक. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टी माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२० मध्ये घेतला. आमच्या ग्रामपंचायतीत दोनदा अर्ज दिला, तरी या महिन्यात आईच्या नावाने थकबाकीची नोटीस आली. नोटीस आणि दोन्ही अर्जांच्या पोचपावत्या सोबत जोडल्या आहेत. जागा असेल तर त्याही छापा.

आपला,
एक माजी हवालदार, ता. पारोळा