हळद निघेपर्यंत थांबायचं नाही

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

दिवाळीतलं एक दृश्य सारखं डोळ्यांपुढे येतं. बाबा, कान खाजतो म्हणून तुम्ही उजव्या कानात बोट दाबलंत आणि लगेच दाराची चौकट धरलीत. पित्त झालंय म्हणालात. ते पित्त नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन लावून मला दाखवलं. पडद्याजवळची कातडी आत शिरलीय, तिचे कांद्यासारखे पापुद्रे साठलेत. त्याला कोलेस्टिएटोमा म्हणतात. कॅन्सर नाही, पण ते हाड खातं. ऐकू येण्याची बारकी हाडं झिजलीत, आता तोल सांभाळणाऱ्या भागाच्या भिंतीला भोक पडलंय. म्हणून दाबलं की गरगरतं.

कान लहानपणापासूनच वाहतो, हे खरं. पण हा वास नवा आहे. आई, बाबांच्या उशीचा अभ्रा तू वेगळा भिजत घालतेस ना, त्यावरचा पिवळा डाग आणि तो कुजका वास, हीच खूण. थेंबांनी पू कमी होतो, पापुद्रे जात नाहीत. ऑपरेशनच लागतं. कानामागचं हाड कोरून आतलं साफ करतात, तिथल्याच स्नायूवरचा पातळ पदर लावून पडदा नव्यानं करतात. बाबा, तुमच्यापासून लपवत नाही, ऐकू पूर्वीसारखं येईलच असं नाही. आधी कान कोरडा आणि निर्धोक करायचा. वर्षभरानं परत उघडून बघावंही लागेल कदाचित.

कान आणि मेंदू यांच्यामध्ये हाडाचा पातळ पत्रा तेवढा आहे. चेहऱ्याची नसही तिथूनच जाते. म्हणून ऑपरेशन हळद निघेपर्यंत लांबवायचं नाही. शेतातली हळद दादा काढून घेईल, माझं त्याच्याशी बोलणं झालंय. तुम्ही शुगर तेवढी आटोक्यात ठेवा.

आई, तोंड वाकडं झालं, कानामागे सूज आली, तापात डोकं ठणकून उलट्या झाल्या, मान आखडली किंवा बाबा गुंगीत गेले, तर मला फोन करत बसू नकोस. शेजारच्या अण्णांना उठव आणि थेट मिरज गाठ, रात्र असली तरी.

तोवर लसणीचं तेल बंद, काडी-कापसानं कान कोरणं बंद. आंघोळीला कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन लावून कानात ठेवायचा. आणि बाबा, संगमावर बुडी नको.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं निघते. शनिवारी दहाला नंबर लावलाय. स्कॅनची पिशवी ट्रंकेतून काढून ठेव, आई.

तुमची,
सुमी