बारा मार्चचं पान

लालबाग, मुंबई

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी गाडी सुटली आणि आम्ही दोघं मुंबई सेंट्रलहून चालतच घरी आलो. आई वाटेत काही बोलली नाही. रात्री गादी झटकताना खाली तुझी स्केचची वही सापडली. विसरलीस की ठेवून गेलीस? फोनवर विचारवेना, म्हणून लिहितोय.

पानं चाळली, रागावू नकोस. रोज करी रोड ते सीएसएमटी, मधल्या चार स्टेशनांत एक माणूस. आधी तू चपलेच्या पट्ट्यापर्यंत सगळं काढू पाहायचीस आणि माणूस अर्धा असतानाच भायखळ्याला उतरून जायचा. पुढे पुढे पाच-सहा रेघांत पाटीवर हात टाकून झोपलेली आख्खी कोळीण उतरलीय. काय घ्यायचं नि काय सोडायचं, ते तुला या उतरून जाणाऱ्या माणसांनीच शिकवलं. अकरा मार्चनंतर मात्र पानं कोरी. प्रदर्शनाच्या यादीत तुझं नाव नव्हतं, तो हाच दिवस ना?

मला उस्तादांनी सहा महिने नुसता काना काढायला लावला होता. दुकान उघडायच्या आधी, रद्दीच्या पेपरवर, चपट्या ब्रशने. मग वेलांटी, मग उकार. एकदा कंटाळून रडलोसुद्धा. आणि अशाच एका सकाळी हाताने 'ळ'ची गाठ आपणहून वेगळी घेतली. पुढे लोक त्या 'ळ'वरून माझा बोर्ड ओळखायचे. फ्लेक्स आले, कामं आटली, मी रुसून गिरवणंच सोडलं. दोन वर्षांनी मंडळाने कमान रंगवायला बोलावलं, तर तोच 'ळ' काही केल्या येईना. त्या रात्री आजी माझ्या उशाशी बसून होती.

म्हणून सांगतो, रोज एक पान कर. काही सुचलं नाही तरी कर. होस्टेलचा नळ काढ, मेसमधली वाटी काढ, पंधरा मिनिटं पुरे. पण सलग काढ, एक दिवस चुकला की दुसरा आपोआप... हे बघ, पुन्हा सुरू झालो. चुकलं माझं. मला चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेची फी भरता आली नव्हती, तुला मी काय सांगणार? जे.जे.च्या, त्या १८५७ सालच्या चित्रकलेच्या शाळेच्या फाटकावरून मी रंगाचे डबे घेऊन कितीदा गेलो, आत कधी शिरलो नाही. आधीच्या एका प्रदर्शनात तुझं काम लागलं होतं तेव्हा पहिल्यांदा आलो आणि चपला बाहेर काढू का, असं तुला विचारलं. तू माझा हात धरून आत नेलंस.

दादाला सुट्टी मिळाली की वही त्याच्याबरोबर पाठवतो. बारा मार्चच्या पानावर मी पेन्सिलीने एक 'ळ' काढलाय. रेघ जरा हललीय. नको असेल तर खोडून टाक.

विसरलीस ना गं वही?

तुझा,
बाबा