पडद्यावरच्या नर्सचा खिसा कुठे गेला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वेबमालिका असो, विनोदी कार्यक्रम असो की गाण्याचा व्हिडिओ, नर्स दाखवायची म्हटली की पोशाख ठरलेला असतो. मांडीवरच संपणारा अंगाबरोबरचा पांढरा फ्रॉक, खाली उतरलेला गळा, उंच टाचा आणि डोक्यावर लाल क्रॉसची टोपी. मी सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून लागले आणि परिसेविका (वॉर्डची प्रमुख सिस्टर) म्हणून निवृत्त झाले. ज्या कपड्यांत माझी सगळी नोकरी गेली, त्यांची ही दशा बघवत नाही म्हणून लिहिते आहे.

आधी त्या टोपीबद्दल. लाल क्रॉसचं चिन्ह केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय वापरायला 1960 च्या जिनिव्हा कन्व्हेन्शन्स कायद्याने मनाई आहे. आमच्या कुणाच्या टोपीवर ते कधीच नव्हतं. आणि टोपी तरी आता कुठे राहिली? वाकलं की ती सलाइनच्या नळीला अडकायची, रोज धुतली जायची नाही, म्हणून बहुतेक वॉर्डांतून ती केव्हाच गेली. पडद्यावर मात्र तेवढी टोपीच शिल्लक आहे, कारण तिच्यावाचून ही बाई नर्स आहे हे कुणाला कळणारच नाही. काढून टाकलं आहे ते नेमकं कामाचं होतं ते सगळं. लांबी गेली, घेर गेला, चपट्या तळाचे बूट गेले. खिसासुद्धा गेला.

ड्युटीवरच्या सिस्टरच्या खिशात काय काय असतं ते सांगते. दिवसाच्या नोंदींसाठी निळं पेन, रात्रीच्या नोंदींसाठी लाल. चिकटपट्टीचं बंडल, कात्री, शीर दिसावी म्हणून दंडाला बांधायची रबरी पट्टी, पेशंटच्या डोळ्यांच्या बाहुल्या बघायला लहानशी टॉर्च. राउंडला डॉक्टरांनी सांगितलेले औषधांतले बदल बेड नंबरासकट लिहिलेला, चार घड्या घातलेला कागद. शिवाय मॉर्फिनसारखी औषधं ज्या कपाटात कुलपाखाली असतात, त्याची किल्ली. आमच्या वेळच्या कित्येक जणी घड्याळही छातीशी उलटं टाचायच्या. त्यामुळे मनगट धुवायला मोकळं राहायचं आणि नाडी मोजताना नुसती मान खाली केली की काटा दिसायचा.

पेशंटचं हृदय थांबलं की छातीवर मिनिटाला 100 ते 120 वेळा, किमान 5 सेंटिमीटर खोल दाब द्यावा लागतो. आमच्याकडच्या लोखंडी खाटा उंच. बुटक्या मुलीला स्टुलावर चढून, नाहीतर गादीवर गुडघा टेकूनच हे करावं लागतं. आजूबाजूला नातेवाइकांची गर्दी असते. आपला कपडा कुठे सरकला हे त्या क्षणी बघायची वेळच येऊ नये, यासाठी गणवेश सैल आणि लांब शिवतात. मालिकेतला तो फ्रॉक घालून एकाही माणसाला वाचवता येणार नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल 1854 साली 38 जणींना घेऊन क्रिमियन युद्धातल्या सैनिकांच्या शुश्रूषेसाठी तुर्कस्तानातल्या स्कुटारीला गेल्या. त्यांच्या नर्सेसना राखाडी, ढगळ, जाड कापडाचा पोशाख होता आणि त्यावर ‘स्कुटारी हॉस्पिटल’ अशी अक्षरं भरलेला पट्टा. दिसायला बेढब. पण सैनिकांच्या गर्दीतून जाताना ही बाई इस्पितळाची आहे, हिच्या वाटेला जायचं नाही, एवढं त्या पट्ट्यावरून कळायचं. जो पोशाख बाईला संरक्षण म्हणून दिला गेला, तोच आता तिच्याकडे टक लावून बघायचं निमित्त झाला आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

याचा त्रास कोणाला होतो? पुरुषांच्या वॉर्डात रात्रपाळी करणाऱ्या विद्यार्थिनींना. एका नातेवाइकाने आमच्या एका मुलीला विचारलं होतं, “सिस्टर, टीव्हीतल्यासारखी टोपी नाही घालत?” आणि ती ड्रेसिंगसाठी वाकली तेव्हा मोबाइल तिच्याकडे धरला. पुढे ती मुलगी ऐन मे महिन्यात गणवेशावर जाकीट घालून यायला लागली. तो मोबाइल मी काढून घेतला, फोटो पुसायला लावला, पण तिचं ते जाकीट काही मला उतरवता आलं नाही.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी हल्ला झाला, तेव्हा ड्युटी संपवून त्या कपडे बदलायला तळघरात गेल्या होत्या. त्यानंतर त्या कधीच भानावर आल्या नाहीत; 18 मे 2015 रोजी त्या वारल्या. तोवर त्यांना भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं ते तिथल्या नर्सेसनीच. त्या गुन्ह्याला कुठलीही मालिका जबाबदार होती असं मी अजिबात म्हणत नाही. पण कपडे बदलायला सुरक्षित खोली मिळावी म्हणून ज्यांना झगडावं लागतं, त्यांच्याच कपड्यांचा खेळ मांडू नये, एवढं तरी मागायचा आम्हाला हक्क आहे. 2016 मध्ये एका गाजलेल्या हिंदी कार्यक्रमातल्या नर्सच्या चित्रणाविरुद्ध अमृतसरच्या नर्सेसनी निदर्शनं केली होती, ती उगाच नव्हेत.

नर्सने पडद्यावर प्रेमात पडू नये, सुंदर दिसू नये, असं माझं म्हणणं नाही. 1969 च्या ‘खामोशी’त वहिदा रेहमान यांची नर्स प्रेमातच पडते. त्यासाठी तिच्या गणवेशाला कात्री लावायची गरज कुणाला वाटली नव्हती. आणि डॉक्टर पुरुषाचा कोट कुणी कधी आखूड केलेला बघितला आहे का? आमच्यातल्या ब्रदर्सचा, म्हणजे पुरुष नर्सचा, गणवेशही जसाच्या तसा दाखवतात.

कोर्टाच्या आणि पोलिसांच्या प्रसंगांसाठी निर्माते वकिलांचा, अधिकाऱ्यांचा सल्ला घेतात, श्रेयनामावलीत तसे आभारही मानतात. रुग्णालयाचा प्रसंग असेल तेव्हा एखाद्या निवृत्त सिस्टरलाही बोलवा. बाही कुठे संपवायची, खिसा कुठे लावायचा, बूट कसले घ्यायचे, हे कपडेपट सांभाळणाऱ्यांना एका दुपारी समजावून देता येईल. मी स्वतः यायला तयार आहे.

आपली,
एक निवृत्त परिसेविका, मिरज