शेवाळ पिकेल, पण घेणार कोण?

महोदय,

कोकण किनाऱ्यावर शेवाळशेती वाढवण्याचे लेख हल्ली वाचायला मिळतात. केंद्राने २०२० च्या मत्स्य संपदा योजनेत शेवाळासाठी ६४० कोटी ठेवले आणि पाच वर्षांत ११ लाख टनांवर जायचे ठरवले. टनांचा हिशोब झाला. गिऱ्हाइकाला काय हवे, हे कोणी विचारत नाही. मी त्यातलाच एक गिऱ्हाईक. सांगलीकडच्या एका डेअरीत पंचवीस वर्षे खरेदी पाहिली.

चॉकलेट दुधातला कोको खाली बसू नये म्हणून लाल शेवाळापासून काढलेली कॅरॅजिनानची पूड घालतात. हजार लिटरला जेमतेम पाव किलो. एकदा मुंबईच्या व्यापाऱ्याकडून स्वस्तातली देशी पूड घेतली. पहिले पोते झकास. दुसरे वापरले आणि आठवड्यात बाटल्यांच्या बुडाशी बोटभर तपकिरी थर! टेम्पो भरून माल परत. साहेबांनी काय ऐकवले, ते छापण्यासारखे नाही. मग फिलिपिन्सची पूड सुरू केली. महाग पडायची, पण दहावे पोते पहिल्यासारखेच निघायचे.

ही खोट बहुतेक वेळा कारखान्याच्या आधीच शिरते. पीक पंचेचाळीस दिवसांचे. भाव चढला की महिन्याभरातच काढतात, मग त्याच्या पुडीचा जेल, म्हणजे कोकोला धरून ठेवणारा गर, घट्ट होत नाही. किनाऱ्यावर पसरून वाळवले की रेती चिकटते. वजन भरावे म्हणून ओलसरच पोत्यात कोंबले की आत तापून खराब होते. बांबूच्या मांडवावर वाळवले तर यातले निम्मे टळते.

इंडोनेशिया हे लाल शेवाळ जगात सर्वांत जास्त पिकवतो, पण त्यातला बराचसा माल नुसता वाळवून चीनला जातो आणि पुढचा नफा चीन कमावतो. कोरियाची तऱ्हा वेगळी. शेवाळाचे कागदासारखे पातळ पत्रे तेल-मीठ लावून, भाजून, पाकिटात घालून विकतात. २०२४ मध्ये साध्या आणि भाजलेल्या पत्र्यांची मिळून निर्यात जवळपास १०० कोटी डॉलरची झाली.

तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेवाळ लावायचे तराफे वाटण्याआधी वाळवणाचे मांडव उभे करा. ओलावा आणि जेलची ताकद तपासणारी एक प्रयोगशाळा काढा, आणि भाव वजनावर नको, त्या आकड्यांवर द्या. तपासणीचा असा कागद पोत्यासोबत आला असता, तर मी फिलिपिन्सपर्यंत कशाला गेलो असतो?

— एक निवृत्त खरेदी अधिकारी, सांगली